खांबावरच्या डब्यात दडलंय गावाचं नेट! फायबरचा डिस्ट्रिब्युशन बॉक्स असतो कसा, बसवतात कसा? जाणून घ्या

जळकोट (ता. तुळजापूर, जि. धाराशिव) : पीक विम्याची मुदत संपायला दोन दिवस उरलेले असतात. सेवा केंद्रासमोर शेतकऱ्यांची रांग लागलेली असते. आणि नेमकं तेव्हाच राउटरवर ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लुकलुकायला लागतो. मग राउटर चार वेळा बंद-चालू होतो, कंपनीला फोन जातो आणि रांग तशीच उभी राहते.

हा लाल दिवा एवढंच सांगतो, की फायबरमधून येणारा प्रकाश राउटरपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. बिघाड शोधायचा असेल तर बाहेर, खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या त्या छोट्या डब्याकडे बघायला हवं. त्याला म्हणतात फायबर डिस्ट्रिब्युशन बॉक्स. हा डबा नीट बसवला तर वर्षानुवर्षं त्याच्याकडे बघावं लागत नाही; घाईत बसवला तर पहिल्या पावसातच तक्रारी सुरू होतात.

गावापर्यंत नेट येतं कसं?

सोलापूर-हैदराबाद महामार्गालगतच्या जळकोटसारख्या गावात फायबर खासगी कंपन्यांमार्फत येतं, तसंच सरकारी योजनेतूनही येतं. ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्याने ‘महानेट’ म्हणून हाती घेतलं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटसाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर केले.

पण केबल ग्रामपंचायतीपर्यंत आली म्हणजे घरात नेट आलं असं नाही. तिथून गल्लीत, गल्लीतून घरात असा शेवटचा टप्पा उरतो. त्या टप्प्याचा मुख्य दुवा म्हणजे हा डबा.

डब्यात असतं तरी काय?

शेतातल्या पाइपलाइनचं उदाहरण घ्या. मुख्य पाइप एकच, पण व्हॉल्व्हपाशी त्याला फाटे फुटतात आणि प्रत्येक वाफ्याला पाणी मिळतं. इथे पाण्याच्या जागी प्रकाश आहे. डब्यात साधारण चार गोष्टी असतात :

- मुख्य केबल : आतला काचेचा धागा १२५ मायक्रॉन, म्हणजे १ मिलिमीटरचा आठवा भाग जाड. प्रकाश धावतो तो मधला गाभा फक्त ९ मायक्रॉनच्या आसपास. धागे ओळखण्यासाठी निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे १२ रंग ठरलेले आहेत.
- स्प्लायस ट्रे : जोडलेले धागे जिथे गोल गुंडाळून ठेवतात ती तबकडी.
- स्प्लिटर : एका धाग्यातला प्रकाश ४, ८ किंवा १६ वाटांना वाटून देणारा भाग. याला वीज लागत नाही. त्यामुळे लाइट गेली तरी डबा चालूच असतो, बंद पडतो तो घरातला राउटर.
- पोर्ट : इथून प्रत्येक घराची बारीक वायर निघते.

प्रकाशाचा हिशेब

प्रकाश वाटला की कमी होतो. ही घट डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा. समजा, गावापासून ८ किलोमीटरवरच्या यंत्रातून +३ डीबीएम एवढा प्रकाश निघाला.

- ८ किलोमीटर फायबर : सुमारे २.८ डेसिबल
- १:४ चा स्प्लिटर : सुमारे ७ डेसिबल
- १:८ चा स्प्लिटर : सुमारे १०.५ डेसिबल
- ६ जोड : सुमारे ०.६ डेसिबल
- ४ कनेक्टर : सुमारे १.६ डेसिबल

एकूण घट २२.५ डेसिबल. म्हणजे घरात पोहोचला उणे १९.५ डीबीएम. सर्वसाधारण राउटर उणे २७ पर्यंतचा प्रकाश ओळखतो, त्यामुळे इथे साडेसात डेसिबलची सवलत हाताशी आहे.

आता एक कनेक्टर धुळीचा राहिला, एक धागा झाकणात दाबला गेला आणि एक जोड कच्चा निघाला, तर ही सवलत तिथेच संपते. नेट कधी चालतं, कधी तुटतं. गिऱ्हाइकाला वाटतं प्लॅन खराब आहे. खरं तर डब्यातलं काम खराब असतं.

डबा बसवतात कसा?

१. जागा : सहज हात पोहोचणार नाही, पण शिडीवरून काम करता येईल अशी उंची. थेट ऊन आणि पन्हाळीचं पाणी टाळायचं. विजेच्या खांबावर महावितरणच्या परवानगीशिवाय डबा लावू नये. बाहेर लावायच्या डब्यावर ‘आयपी ६५’ किंवा त्यावरचा दर्जा असावा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण.

२. केबल आत घेणे : केबल नेहमी खालच्या बाजूने घ्यायची. डब्याच्या आधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून जातं. केबलचा ताण धाग्यांवर येऊ नये म्हणून तिच्यातली मजबुतीची तार डब्यात स्क्रूने आवळतात.

३. सोलणे आणि कापणे : वरचं आवरण काढून धागा अल्कोहोलने पुसतात आणि क्लीव्हरने सरळ काटकोनात कापतात. इथे घाई केली तर पुढचा जोड बिघडलाच.

४. जोडणे : स्प्लायसिंग मशीन दोन्ही टोकं समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने वितळवून एक करतं. चांगल्या जोडाची घट ०.१ डेसिबलच्या आत राहते. जोडावर स्लीव्ह चढवून ती गरम करतात.

५. गुंडाळणे : धागा घट्ट वाकवला की प्रकाश बाहेर सांडतो. साध्या फायबरला ३० मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण देऊ नये. थोडा धागा शिल्लक ठेवायचा, म्हणजे पुढे पुन्हा जोड मारता येतो.

६. मोजणे आणि लिहिणे : प्रत्येक पोर्टवर पॉवर मीटर लावून रीडिंग घ्यायचं. कोणत्या पोर्टला कोणतं घर, हे झाकणाच्या आत लिहायचं. रिकामे पोर्ट आणि न वापरलेली भोकं बुचाने बंद करायची. उघडं भोक म्हणजे मुंग्या आणि पालींना घर.

एक साधी चूक नेहमी घडते. हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं. दोन्ही एकमेकांत बसतात, पण प्रकाश नीट जात नाही. हिरव्याला हिरवाच जोडायचा.

तुम्ही काय तपासाल?

लाल दिवा लागला की आधी शेजाऱ्याला विचारा. त्याच डब्यावरची सगळी घरं बंद असतील तर बिघाड डब्यात किंवा मुख्य केबलमध्ये आहे. फक्त तुमचंच बंद असेल तर तुमची वायर किंवा पोर्ट. तक्रार देताना एवढं सांगितलं तरी माणूस योग्य सामान घेऊन येतो.

खालूनच बघा : झाकण उघडं लोंबकळतंय का? केबल वरून आत गेलीय का? वायर खिळ्याला गच्च बांधलीय का? यातलं काही दिसलं तर पावसाळ्याआधीच कळवा.

मात्र डबा स्वतः उघडू नका. फायबरमधला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेझर असतो. टोकात डोकावणं धोक्याचं. काचेचा बारीक तुकडा बोटात शिरला तर शोधूनही सापडत नाही.

खोदकाम असेल तर ठेकेदाराला ‘कॉल बिफोर यू डिग’ या सरकारी अॅपवर आधी माहिती द्यायला सांगा. जमिनीखालच्या केबल जेसीबीने तुटू नयेत म्हणून ते २२ मार्च २०२३ रोजी सुरू झालं.

नवीन कनेक्शन घेताना आपण वेग आणि दर विचारतो. पुढच्या वेळी आणखी एक प्रश्न विचारा : ‘माझ्या पोर्टचं रीडिंग किती आलं?’ उत्तर उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असेल तर काम ठीक आहे. आकडा राउटरच्या मागे लिहून ठेवा. पुन्हा लाल दिवा लागला आणि माणूस आला, की आधी तो आकडा दाखवा. बिघाड शोधायची सुरुवात तिथूनच होते.