गुरुवारऐवजी बुधवारी : वाचता येतं, पण समजतं का?



मागच्या वर्षी आमच्या शाळेत जातीच्या दाखल्यांचं शिबिर ठरलं होतं. आधी गुरुवार सांगितला होता, मग वार बदलला. मी वहीच्या पानांवर दोन ओळींची चिठ्ठी लिहून मुलांच्या हाती दिली : 'दाखल्यांचे शिबिर गुरुवारऐवजी बुधवारी घेण्यात येणार आहे. तरी पालकांनी आवश्यक कागदपत्रांसह उपस्थित राहावे.' बुधवारी शिबिर झालं. गुरुवारी सकाळी तिसरीतल्या एका मुलीचे वडील कागदांची पिशवी घेऊन शाळेच्या दारात उभे. दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणारा माणूस, त्या दिवसाचा रोज बुडवून आलेला. म्हणाले, "मॅडम, पोरीनं चिठ्ठी दोनदा वाचून दाखवली. गुरुवारच म्हणाली की."

खरं सांगते, आधी मला त्या मुलीचाच राग आला. कारण ती माझ्या वर्गातली सगळ्यात चांगली वाचणारी. केंद्रप्रमुख साहेब भेटीला आले की मी तिलाच उठवते. जोडाक्षराला अडत नाही, आवाज खणखणीत, पूर्णविरामाला थांबते. मधल्या सुट्टीत तिला जवळ बोलावलं आणि तीच चिठ्ठी पुन्हा वाचायला दिली. झकास वाचली. विचारलं, "शिबिर कधी?" "गुरुवारी." "मग बुधवार कशाला लिहिलाय?" थोडा वेळ चिठ्ठीकडे बघून म्हणाली, "बुधवारी पण."

अक्षर एकही चुकलं नव्हतं. आमची शाळा द्विशिक्षकी, दुसरी-तिसरी माझ्याकडे. म्हणजे दोन वर्षं मी तिच्या वर्णनात्मक नोंदीत 'अर्थ समजून वाचते' असं लिहीत आले होते. कशाच्या जोरावर लिहीत होते? हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. वडिलांना तर त्या दाखल्यासाठी पुढं तालुक्याला दोन हेलपाटे पडले.

उत्तरं बरोबर, तरी समजलेलं नाही

एक गंमत करून बघा. खालचं वाक्य वाचा :

'लपक्या झिंबराने ढिमटीतून चार टोळंब्या पिसळल्या आणि तो कुरमुटला.'

आता प्रश्न सोडवा. झिंबर कसा होता? झिंबराने किती टोळंब्या पिसळल्या? टोळंब्या कशातून पिसळल्या? शेवटी झिंबराने काय केले? चारही उत्तरं तुम्हाला आली. चारपैकी चार गुण. आणि झिंबर म्हणजे पक्षी की चोर की आणखी काही, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही, कारण हे वाक्य मी माझ्या मनानं बनवलंय.

आपली बरीच मुलं नेमकं हेच करतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या मागचं-पुढचं उचलून वहीत लिहायचं. आपण बरोबरची खूण करतो. मुलगाही खूश, आपणही खूश, पालकही खूश. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं आपणच फळ्यावर लिहून देतो तेव्हा तर विचारूच नका. मीही अनेक वर्षं दिली आहेत.

हे फक्त आपल्याकडचंच दुखणं आहे असं नाही. १९७०च्या दशकाच्या शेवटी डोलोरेस डर्किन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी चौथीच्या वर्गांत तासन्‌तास बसून पाहिलं की वाचनाच्या तासाला शिक्षक 'समजून कसं घ्यायचं' हे किती वेळ शिकवतात. तो वेळ एक टक्काही भरला नाही. बाकीचा वेळ कशात जात होता? मोठा भाग प्रश्न विचारण्यात आणि स्वाध्याय देण्यात. म्हणजे समजलं का, हे तपासायचं. समजून घ्यायला शिकवायचं नाही. पोहायला न शिकवता रोज विहिरीत ढकलायचं आणि 'येतं का बघू' म्हणायचं, तसलाच प्रकार.

निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ला सुरू झालं. त्यात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असं ध्येय आहे. यातला '६०' मोजता येतो, घड्याळ लावलं की झालं. 'अर्थ समजून' मोजायला वेळ लागतो, म्हणून तो मागं पडतो. वेगाला माझा विरोध नाही. एकेका अक्षराशी झुंजणाऱ्या मुलाच्या डोक्यात अर्थासाठी जागाच उरत नाही, म्हणून ओघानं वाचता आलंच पाहिजे. पण तिथं काम निम्मंच होतं. गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६मध्ये हे गुणाकारासारखं मांडलं : अक्षरं उलगडण्याची ताकद गुणिले भाषा समजण्याची ताकद. दोन्हीपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच.

अडतं कुठं? आधी ते शोधा

त्या मुलीचं नेमकं कुठं अडलं ते मी शोधलं. पहिली तपासणी सोपी असते : वाचायला न देता तेच वाक्य तोंडी सांगायचं. मी चिठ्ठी तिला वाचून दाखवली. तरीही ती 'गुरुवारी'च म्हणाली. म्हणजे घोटाळा वाचनाचा नव्हताच. मग म्हटलं, "आईनं सांगितलं, चहाच्या बदली दूध दे, तर काय देशील?" लगेच उत्तर आलं, "दूध." 'बदली' तिला येत होतं, घरात तोच शब्द चालतो. 'ऐवजी' हा पुस्तकातला शब्द तिच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. आणि तो धड्याखालच्या शब्दार्थांतही कधी येत नाही. तिथं 'अरण्य म्हणजे जंगल' येतं. ऐवजी, खेरीज, पर्यंत, पूर्वी, अन्यथा, जरी-तरी, जोवर-तोवर हे शब्द मुलांना येतातच असं आपण धरून चालतो. वाक्याचा अर्थ फिरवणारे तर हेच शब्द!

त्यातून आपल्या मराठीची एक खोड आहे. हे शब्द नामाला चिकटून येतात, आणि चिकटताना नामाचं रूपही बदलतं. पाऊस होता, त्याचं 'पावसामुळे' झालं. विहीर होती, 'विहिरीपर्यंत' झाली. ऊन होतं, 'उन्हाशिवाय' झालं. मोठ्यांना यात काही वाटत नाही, पण नुकतं वाचायला लागलेलं मूल तो अख्खा शब्द एका दमात उच्चारतं आणि पुढं जातं. मी आता अशा शब्दाखाली पेन्सिलीनं दोन रेघा ओढायला लावते, एक नामाखाली, एक चिकटलेल्या भागाखाली. मग 'विहिरीपर्यंत', 'विहिरीपासून', 'विहिरीऐवजी' अशी रूपं घेऊन मैदानावर प्रत्यक्ष चालायचं. 'झाडापर्यंत पळा' म्हटल्यावर जो झाडाच्याही पुढं जातो त्याला बाकीचे बरोबर पकडतात.

दुसरी अडचण कर्त्याची. 'आली, पाहिलं, परत गेली.' कोण आली? आपण मराठीत कर्ता सर्रास गाळतो. मोठा माणूस मागच्या वाक्यातून तो उचलतो, मूल तो उचलतंच असं नाही. शिवाय 'त्याने', 'तिला', 'त्यांचा' हे कुणाला उद्देशून? उताऱ्यातल्या अशा प्रत्येक शब्दापासून ज्याच्याविषयी बोलणं चाललंय त्या नावापर्यंत बाण काढायला सांगा. पहिल्या दिवशी माझ्या वर्गात निम्मे बाण चुकले होते, आणि उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरं मात्र सगळ्यांची बरोबर होती!

आणि 'तरी'. गोष्टीत 'पाऊस पडला तरी तो गेला' म्हणजे अडचण असूनही गेला. माझ्या चिठ्ठीत 'तरी पालकांनी उपस्थित राहावे' म्हणजे 'म्हणून राहावे'. एकाच शब्दाचे जवळजवळ उलटे अर्थ. हे माझ्याही त्या चिठ्ठीमुळेच लक्षात आलं.

'कशावरून?'

समजून घेणं म्हणजे न लिहिलेलं वाचणंसुद्धा. त्यासाठी मी छोटे उतारे स्वतः लिहिते. हा एक बघा :

'सुमनने आभाळाकडे पाहिलं. पळतच अंगणात गेली आणि दोरीवरचे कपडे ओढून काढले. आतून आजी ओरडली, "अगं, वाळवणाचं काय?" सुमन पुन्हा पळाली.'

प्रश्न : सुमनला आभाळात काय दिसलं? उताऱ्यात हे कुठंच नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा वर्ग गप्प. एकजण पान उलटून मागच्या बाजूला शोधत होता. मग एकानं सांगितलं, "विमान." अशा वेळी 'चूक' म्हणायचं नाही, फक्त 'कशावरून?' विचारायचं. त्याला सांगता येईना, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "विमान बघून कपडे कोण काढतंय?" वर्ग हसला, पण त्या एका वाक्यानं सगळ्यांना वाट सापडली. ढग. कशावरून? कपडे काढले. अजून कशावरून? पळत गेली, म्हणजे घाई होती. महिना कुठला असेल? इथं मला वाटलं होतं अडतील, पण एक मुलगी म्हणाली, "उन्हाळा. वाळवण पावसाळ्यात कुठं घालतात?" मग वळवाच्या पावसावर दहा मिनिटं गप्पा झाल्या. तास संपला, पुढचा धडा राहिला. राहू दे.

हाच उतारा फ्लॅटमध्ये वाढलेल्या, वाळवण न पाहिलेल्या मुलाला अवघड जाईल. अमेरिकेत १९८८मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन मुलांना वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल चांगलं माहीत असलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडं बेसबॉलच्या जागी कबड्डी धरा. म्हणून धडा सुरू करण्याआधी पाच मिनिटं त्या विषयावर बोलणं हा वेळेचा अपव्यय नाही. धडा समुद्राचा असेल आणि आमच्यासारख्या माणदेशातल्या मुलांनी तलावसुद्धा भरलेला क्वचितच पाहिला असेल, तर आधी समुद्र दाखवावा लागतो, निदान मोबाईलवर तरी.

मोठ्यानं विचार करा

सगळ्यात जास्त फरक मला ज्यानं दिसला ते हे. शिक्षकानं वाचताना आपल्या डोक्यात काय चाललंय ते मुलांना ऐकवायचं. मी गोष्ट वाचते आणि मध्येच थांबते : "थांबा, मला कळलं नाही. आत्ता तर म्हातारी घरात होती, मग नदीवर कधी गेली? मागं जाऊन बघते." आणि खरंच मागची ओळ पुन्हा वाचते. मुलांना वाटत असतं की चांगला वाचणारा कधी अडतच नाही. मॅडमपण अडतात, मागं जातात, अंदाज चुकला तर बदलतात, हे त्यांना दिसलं पाहिजे. सुरुवातीला वर्गात असं स्वतःशी बोलायला मला लाज वाटायची. आता सवय झाली.

मग हेच काम हळूहळू मुलांकडं द्यायचं. पॅलिंक्सार आणि ब्राऊन यांनी १९८४मध्ये मांडलेली पद्धत इथं कामी येते. चार-चार मुलांचे गट करायचे. एकानं पुढं काय होईल याचा अंदाज सांगायचा, एकानं प्रश्न काढायचा, एकानं न कळलेला शब्द किंवा वाक्य पकडायचं, एकानं थोडक्यात सांगायचं. परिच्छेद संपला की कामं बदलायची. तिसरीत हे पहिल्याच आठवड्यात जमेल अशी अपेक्षा ठेवू नका. आमच्याकडं पहिले पंधरा दिवस नुसता गोंधळ होता. 'थोडक्यात सांग' म्हटलं की मुलं अख्खा परिच्छेद पुन्हा म्हणायची. मग मी अट घातली : फक्त दहा शब्द, बोटांवर मोजून. तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. मला विचाराल तर 'न कळलेलं पकडणारा' हे काम सगळ्यात मोलाचं आहे, कारण त्यात 'मला कळलं नाही' म्हणणाऱ्याला शाबासकी मिळते. एरवी आपल्या वर्गात तेच म्हणायची मुलांना भीती असते.

पालकांसाठी

घरी 'वाचून दाखव' एवढ्यावर थांबू नका. वाचून झालं की पुस्तक मिटून 'आता मला सांग' म्हणा. स्वतःच्या बोलीत सांगू द्या, शुद्ध-अशुद्ध करत बसू नका. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसलं तरी हे जमतं, उलट जास्त चांगलं जमतं, कारण मुलाला खरोखरच समजावून सांगावं लागतं. पुस्तकच हवं असंही नाही. बियाण्याच्या पिशवीवरची सूचना, एसटीच्या वेळांचा फलक, लग्नपत्रिका, काहीही चालतं. लग्नपत्रिकेवर तर विचारण्यासारखं भरपूर असतं : हळद आधी की लग्न? आपण किती वाजता निघायचं? जेवण कुठं? उत्तर आलं की फक्त एक शब्द : "कशावरून?"

चिठ्ठीचं म्हणाल तर त्यातली अर्धी चूक माझीच होती. 'घेण्यात येणार आहे', 'आवश्यक कागदपत्रांसह' ही कार्यालयाची भाषा मी सवयीनं लिहिली होती. आता घरी जाणारी प्रत्येक सूचना मी आधी फळ्यावर लिहिते आणि वर्गाला विचारते, घरी जाऊन काय सांगणार? मुलं सांगतात, अडलं तर मी वाक्य बदलते, आणि मग ती वहीत उतरवून घेतात. मागच्या महिन्यात मी फळ्यावर 'अन्यथा' लिहिलं. त्याच मुलीनं हात वर केला. "मॅडम, अन्यथा म्हणजे नाहीतर ना? मग नाहीतरच लिहा की, आमच्या घरी कळंल." मी पुसून 'नाहीतर' लिहिलं.