फिरत्या तालवादकाचा संसार

मोताळा तालुक्यातले आपले धामणगाव बढे घ्या, नाहीतर दुसरे कोणतेही बाजाराचे गाव घ्या. भजनाच्या फळीत एखादा पोरगा असा निघतो की, त्याचा हात ढोलकीवर पडला म्हणजे पेंगणारा म्हाताराही मान डोलवू लागतो. पोराला वाटते, आपण यावरच पोट भरू. बाप विचारतो, "पण देणार कोण?" बापाचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चांगल्या चांगल्या वादकांनाही तो जन्मभर पुरला आहे.

गवई एकटा तंबोरा घेऊन बसू शकतो. तालवाल्याचे तसे नाही. त्याला कोणीतरी बरोबर न्यावे लागते. म्हणून त्याच्या संसाराची गोष्ट सांगायची म्हणजे त्याला कोणी नेले आणि किती दिवस पोसले, हेच सांगावे लागते.

एक मोठे उदाहरण घेऊ. उस्ताद अहमदजान थिरकवा हे मूळचे मुरादाबादकडचे. त्यांची तालीम मुंबईत उस्ताद मुनीरखाँ यांच्याकडे झाली. तबल्यावर बोटे थिरकतात म्हणून पडलेले 'थिरकवा' हे नाव पुढे त्यांना कायमचे चिकटले. असा हा उत्तरेकडचा माणूस घरोघरच्या मराठी रसिकांना माहीत झाला तो नाटकामुळे. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत ते पुष्कळ वर्षे साथीला होते. ही मंडळी 1913 साली निघाली. त्या काळची नाटक कंपनी म्हणजे एक चालते-फिरते गावच! नट, वादक, शिंपी, आचारी, पडदे, पेट्या, सगळे रेल्वेत घालायचे आणि नव्या गावी बिऱ्हाड मांडायचे. आज ह्या गावी मुक्काम, महिन्याने त्या गावी. वादकाला ठरलेला पगार असे, आणि उद्याच्या गावाची चिंता मालकाने वाहायची असे.

पण काम हलके नव्हते, बरे का. नाटक रात्री सुरू व्हायचे ते पार उत्तररात्रीपर्यंत चालायचे. प्रेक्षकांनी 'वन्समोअर' दिला की तेच पद पुन्हा, आणि दर खेपेला गाणाऱ्याची लहर निराळी. तबल्याने ती ओळखून बरोबर जायचे, शिवाय पुढे घुसायचे नाही. माझ्या मते साथीदाराची खरी परीक्षा इथेच असते. जोरात वाजविणारे पुष्कळ भेटतात. थांबायचे कुठे हे जाणणारे थोडे.

मग 1931 साली 'आलमआरा' आला, 1932 साली मराठीत 'अयोध्येचा राजा' आला, आणि बोलपटाने नाटक मंडळ्यांचा कणाच मोडला. थिरकवा रामपूर दरबारी गेले. ते संस्थानही 1949 साली विलीन झाले. पुढे लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांनी शिकविले. 1970 साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि 1976 च्या जानेवारीत ते वारले. एका माणसाच्या हयातीत कंपनी, दरबार आणि सरकारी संस्था असे तीन पोशिंदे होऊन गेले, ते पाहा. निखिल घोष, लालजी गोखले, भाई गायतोंडे ही त्यांच्या शिष्यांतली मंडळी. म्हणजे नाटक कंपनी बुडाली, पण तिच्या पगारावर राहिलेल्या वादकाची विद्या महाराष्ट्रात रुजली.

दुसरे उदाहरण आपल्या जवळच्या काळातले. उस्ताद अल्लारखाँ जम्मूकडच्या खेड्यातून निघाले आणि मुंबईत नभोवाणीवर व सिनेमात कामाला लागले. पुढे पंडित रविशंकरांबरोबर ते जगभर हिंडले. त्यांचे चिरंजीव झाकिर हुसेन यांचा जन्म 1951 साली मुंबईचा. लहान वयातच ते कार्यक्रमांसाठी एकटे आगगाडीने फिरू लागले. आरक्षणाला पैसे नसत. डब्यात जागा नसली की खाली वर्तमानपत्र पसरून झोपायचे आणि कुणाचा पाय लागू नये म्हणून तबला कुशीत धरायचा! 1970 साली ते अमेरिकेला गेले. पुढे 2024 च्या फेब्रुवारीत एकाच रात्री तीन ग्रॅमी पारितोषिके त्यांना मिळाली, आणि त्याच वर्षी 15 डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे विमान आपल्या डोळ्यांपुढे असते. ते वर्तमानपत्र नसते. पूर्वी लोक 'तबलजी' म्हणत आणि त्या शब्दात थोडी हेटाळणीही असे. जाहिरातीत साथीदाराचे नाव खाली बारीक अक्षरात यायचे. ते वर आणण्यात थिरकवांपासून झाकिरभाईंपर्यंत अनेकांचे हात झिजले.

फिरतीवरच्या वादकाची आणखी एक कटकट असते. शिक्षकांना ती वर्गात सांगता येईल. ती म्हणजे कातडे. उन्हाळ्यात आपल्या वऱ्हाडात हवा कोरडी होते, तशी तबल्याची पुडी ताणते आणि स्वर चढतो. पावसाळी मुंबईत उतरावे तर तीच पुडी सैल पडते आणि स्वर बसतो. मग हातोडी घ्यायची आणि गठ्ठे ठोकून वादी ताणायची किंवा ढिली करायची. हलगीवाला तर सरळ जाळावर हलगी शेकतो, तत्त्व तेच. पुडीवरची काळी शाई शोभेसाठी नसते. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणाऱ्या नादांचा एकमेकांशी मेळ नसतो, म्हणून त्याचा स्वर ओळखू येत नाही. शाईच्या वजनाने ते नाद सुरेल नात्यात बसतात. हे शास्त्रज्ञ चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1920 साली दाखवून दिले. आपल्या कारागिरांच्या हातांना ते कितीतरी आधीच कळले होते!

आता आपल्या ढोलकीवाल्याकडे वळू. त्याला कंपनी नाही, दरबार नाही, विमानही नाही. मोठ्या तमाशाच्या फडात शिरला तर हंगामाआधी मालकाकडून 'उचल' मिळते. त्यातून घरचे देणे भागते, आणि मग फडाबरोबर हिंडून ती फेडायची. पुणे जिल्ह्यात नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे येऊन जत्रेची सुपारी देतात. त्या चार सौद्यांवर वादकाचे वर्ष उभे. 2020 आणि 2021 साली करोनामुळे जत्राच भरल्या नाहीत. सुपारी नाही, पण घेतलेली उचल डोक्यावर तशीच! कित्येकांनी तेव्हा शेतमजुरी धरली.

म्हणून बापाच्या प्रश्नाला उत्तर देताना मी पोराची समजूत काढणार नाही आणि त्याला भुलविणारही नाही. हात चांगला असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्या परीक्षा त्याला देऊ द्याव्यात. त्या जोरावर शिकवण्या मिळतात. आकाशवाणीची ध्वनिचाचणीही असते; उतरला तर श्रेणी मिळते. शाळा मात्र सोडू देऊ नये. थिरकवांनाही अखेर संस्थेनेच सांभाळले.

आणि गुरुजी, एक काम तुमच्यासाठी आहे. राज्य शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते. अर्ज करताना कलेत काय काम केले याचा पुरावा लागतो. चाळीस वर्षे जत्रा गाजविलेल्या माणसाजवळ नेमका तोच नसतो. पत्रक कुठे उडून जाते, फोटो कुणी काढलेला नसतो, सुपारी तर तोंडीच ठरलेली. तेव्हा गावातल्या वादकासाठी शाळेत एक वही घाला. तारीख, गाव, कोणत्या फडात किंवा मंडळात वाजविले, एवढे लिहा. जत्रेचे हस्तपत्रक त्यातच चिकटवा आणि पंचांची सही घ्या. येत्या चैत्रापासून सुरुवात करता येईल.