वायपर मरतो मे महिन्यात

पुण्याच्या पावसाचा हिशेब भोर-वेल्ह्याकडे चालत नाही. कापूरहोळला रिमझिम असते, भोर गावात छत्री पुरते, आणि नीरा-देवघर धरणाच्या काठानं वरंध घाटाकडे निघालं की आभाळच खाली उतरतं. पाबे घाटानं वेल्ह्याला जा किंवा पुढे केळदकडे मढे घाटापर्यंत, तीच कथा. (तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, लोक अजून वेल्ह्यालाच जातात.) अशा वेळी लाखोंच्या गाडीत आपला जीव बोटभर रुंदीच्या रबरी पट्टीवर असतो, आणि गाडीतली सर्वांत दुर्लक्षित वस्तूही तीच.

रबर पाण्यानं खराब होत नाही, उन्हानं होतं. पातं एका बाजूला जाताना रबराची धार मागे कलते, आणि परतताना पलटी खाऊन दुसऱ्या बाजूला कलते. ही पलटी म्हणजेच वायपरचं सगळं कसब. आठ-नऊ महिने तापल्या काचेवर पडून राहिलं की रबर कडक होतं, धार एकाच बाजूला वाकून बसते. मग जाताना काच पुसली जाते आणि येताना पातं थरथरत, खर्र खर्र करत उड्या मारतं. मागे पाण्याचे पट्टे राहतात. समोरून दिवे आले की प्रत्येक पट्टा पेटतो आणि रस्ता दिसेनासा होतो.

अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईंनी १९०३ साली वायपरचं पेटंट घेतलं, तेव्हा तो आतून हातानं दांडी ओढून फिरवायचा होता. मोटार पुढे आली, सेन्सर आले. काचेला टेकणारं रबर मात्र राहिलं. आपल्याकडचे जुने ट्रकवाले काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळत. थेंब न होता पाणी पसरून उतरावं, एवढीच त्यामागची युक्ती. ती तासाभराची सोय. रबराला पर्याय नव्हे.

तेव्हा मृगाची वाट न पाहता मे अखेरीस पाती तपासावीत. ओल्या फडक्यानं धार पुसावी. चीर किंवा खाच दिसली तर विचार करत बसू नये. काचेवरचा धुराचा तेलकट थर साबणाच्या पाण्यानं काढावा. रबराला तेल किंवा डिझेल लावणारे महाभाग आहेत. त्यानं रबर फुगतं. धुळीच्या कोरड्या काचेवर वायपर फिरवणं तर सर्वांत वाईट. काचेवर पडलेला ओरखडा नव्या पात्यानं जात नाही.

दोन्ही बाजूंच्या पात्यांची लांबी बहुधा वेगळी असते, म्हणून दुकानात जाण्यापूर्वी मोजून घ्यावी. काही पात्यांचं नुसतं रबरही मिळतं. जुनं पातं काढण्याआधी काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवावा, कारण स्प्रिंगचा दांडा हातातून सुटला तर काच तडकते. नवं पातंही काच नीट पुसत नसेल, तर दांड्याची स्प्रिंग ढिली आहे का हे मेकॅनिकला पाहू द्यावं. काच आतून धुरकट होते तेव्हा मात्र वायपरला शिव्या देऊ नयेत. तिथे एसी किंवा ब्लोअर लागतो.

वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंदच ठेवतात. उघडा असताना चालकाच्या बाजूचं रबर फाटलं, तर लांबी आणि हूक सारखे असल्यास शेजारचं पातं इकडे आणि फाटकं तिकडे लावावं. हे काम वाघजाईच्या देवळापाशी थांबून करावं, वळणावर नव्हे.