कारखान्याचा कॉम्प्युटर हँग झाला तर? मशीनवर जागल करणाऱ्या 'वॉचडॉग'ची गोष्ट

मोबाईल हँग झाला की बटण दाबून धरायचं, रिस्टार्ट करायचं, विषय संपला. पण हँग झालेला कॉम्प्युटर एखाद्या धगधगत्या भट्टीत कोळसा सोडत असेल तर?

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-झरी जामणी पट्ट्यात जमिनीखाली कोळसाही आहे आणि चुनखडीही. वणी भागात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत, तर झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनला २०२२ मध्ये मोठा सिमेंट कारखाना सुरू झाला. सिमेंटच्या कुठल्याही कारखान्यात सगळ्यात महत्त्वाची असते ती किल्न, म्हणजे सतत फिरणारी लांबलचक भट्टी. तिच्यात चुनखडीचं मिश्रण साधारण १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं जातं. त्यासाठी पिठासारखा बारीक दळलेला कोळसा हवेच्या झोताने आत सोडतात.

हे सगळं सांभाळतो पीएलसी नावाचा औद्योगिक कॉम्प्युटर. तापमान किती, ज्योत पेटलेली आहे का, हे तो सेकंदाला अनेक वेळा तपासतो आणि त्याप्रमाणे हुकूम सोडतो.

मग अडचण कुठे येते?

कॉम्प्युटर हँग होतो तेव्हा तो आरडाओरडा करत नाही. त्याने दिलेला शेवटचा हुकूम तसाच चालू राहू शकतो. कोळसा सोडायचा हुकूम असेल, तर कोळसा येतच राहतो. तेवढ्यात ज्योत विझली तर न जळलेली भुकटी आत साठत जाते आणि एकदम पेट घेऊन स्फोट होऊ शकतो. पॅनेलवरचा हिरवा दिवा मात्र लागलेलाच असतो. म्हणून नुसता दिवा लागला आहे, यावरून कॉम्प्युटर काम करतोय असं समजता येत नाही.

वॉचडॉग काय करतो?

विदर्भात रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून शेतकरी रात्री जागलीला जातात. थोड्या थोड्या वेळाने एकमेकांना हाक देतात. शेजारच्या शेतातून 'ओ' आली नाही, की टॉर्च घेऊन बघायला जावं लागतं.

वॉचडॉग मॉड्यूल हेच करतं. पीएलसीने ठरावीक वेळाने, समजा दर अर्ध्या सेकंदाला, एक सिग्नल चालू-बंद करत राहायचं. प्रत्येक ठोक्याला मॉड्यूलमधलं घड्याळ शून्यावर येतं. ठोका वेळेत आला नाही, की मॉड्यूलमधला रिले सुटतो आणि कोळशाच्या पुरवठ्याची वीज तुटते. सिग्नल 'चालू'वर अडकला काय किंवा 'बंद'वर अडकला काय, ठोका चुकतोच.

रिलेची रचनाही उलट्या बाजूने केलेली असते. वीज मिळते तोवरच तो धरून राहतो. वायर तुटली, फ्यूज उडाला, तरी यंत्रणा सुरक्षित बाजूलाच जाते.

असं घड्याळ पीएलसीच्या आतही असतं. पण चिप किंवा वीजपुरवठाच बिघडला तर आतला पहारेकरीही त्याच्यासोबत झोपू शकतो. म्हणून जिथे जिवाचा धोका आहे तिथे बाहेरून वेगळं मॉड्यूल लावतात.

हे तंत्र अवकाशातही वापरलं जातं. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या नासाच्या पाथफाइंडर यानाचा कॉम्प्युटर अडकू लागला, तेव्हा वॉचडॉगनेच तो पुन्हा पुन्हा रिसेट केला. यान हातचं गेलं नाही आणि इंजिनिअरांनी चूक शोधून पृथ्वीवरूनच दुरुस्ती पाठवली.

'सुरक्षित' म्हणजे सगळं बंद?

दर वेळी नाही. लालबुंद किल्न एका जागी थांबली तर तिचा पोलादी नळ स्वतःच्या वजनाने वाकू शकतो. त्यामुळे इंधन तोडायचं, पण भट्टी वेगळ्या छोट्या मोटरवर हळूहळू फिरवत ठेवायची. ठोका चुकल्यावर काय बंद करायचं आणि काय चालू ठेवायचं, हे माणसांनी आधीच ठरवून ठेवावं लागतं.

वॉचडॉगलाही मर्यादा आहे. प्रोग्राम चालू आहे एवढंच त्याला कळतं. तापमानाचा सेन्सर चुकीचा आकडा देत असेल, तर ते त्याला कळत नाही. त्यासाठी वेगळ्या तपासण्या लागतात.

खरा धोका: जंपर

वायर सैल असली की वॉचडॉग विनाकारण ट्रिप होतो. उत्पादन थांबतं, शिफ्टवर ओरडा बसतो. मग कोणीतरी रिलेला जंपर मारतं, म्हणजे वायरचा तुकडा जोडून त्याला वळसा घालतं. 'उद्या काढू' म्हणून मारलेला जंपर तसाच राहून जातो. मशीन सुरळीत चालते, पण आता ठोका चुकला तरी काहीच बंद होणार नाही.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक जंपरची लेखी नोंद, काढण्याची तारीख आणि जबाबदार माणसाची सही. शिवाय ठरावीक काळाने मुद्दाम सिग्नल तोडून बघायचं, की इंधन खरंच बंद होतं का. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने आपल्या सुपरवायझरला एवढं जरूर विचारावं: ही चाचणी शेवटची कधी झाली?