सूर्य बुडण्याआधीचा तास: हर्सूलहून ताडोब्यापर्यंत

हर्सूलच्या तलावावर सूर्य बुडतो तेव्हा ताडोब्याच्या तलावावर तो बुडून सुमारे सोळा मिनिटे झालेली असतात. घड्याळ दोन्हीकडे एकच, भारतीय प्रमाणवेळेचे. पण पृथ्वीला एक रेखांश फिरायला चार मिनिटे लागतात आणि हर्सूल व ताडोबा यांच्यात साधारण चार रेखांशांचे अंतर आहे. मुंबईकराच्या बाबतीत हा फरक पंचवीस मिनिटांच्या पुढे जातो. आपल्या गावच्या सवयीने ‘अजून बराच उजेड आहे’ असा हिशेब धरणाऱ्या प्रवाशाला चंद्रपूरच्या जंगलात अंधार लवकर गाठतो. संध्याकाळच्या सफारीत या मिनिटांना फार किंमत आहे, कारण तिथे जे काही घडते ते बहुधा शेवटच्या तासात घडते. उघड्या जिप्सीत बसून, गावातल्याच गाईडच्या सोबतीने, कच्च्या वाटेवरून, मावळतीच्या उजेडात मारलेली ही फेरी म्हणजे महाराष्ट्रातल्या प्रवासाचे एक मोठे नवल आहे. वाघ दिसणे हा त्या नवलाचा फक्त एक भाग.

हर्सूल हे छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेचे, जुन्या अजिंठा वाटेवरचे गाव. तलाव, कारागृह आणि हरसिद्धी मातेचे देऊळ ही त्याची ओळख. आता त्यात समृद्धी महामार्गाची भर पडली आहे. जळगाव रस्त्याने हर्सूलच्या पुढे सावंगीला महामार्गावर चढता येते. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि मराठवाड्यातून विदर्भातली जंगले एका दिवसाच्या प्रवासात आली. वर्ध्याच्या बाजूला उतरून हिंगणघाट, वरोरा करत ताडोब्याच्या मोहर्ली फाटकाशी जाता येते. कोलाऱ्याच्या फाटकाला चिमूरकडून. मात्र पहाटे निघून त्याच दुपारची सफारी धरण्याची घाई करू नये. मुक्काम करावा. दिवसभर गाडी हाकून दमलेले डोळे जंगलात काहीच पाहत नाहीत.

ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. शेजारच्या अंधारी अभयारण्यासह १९९५ मध्ये त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. गाभ्याचे क्षेत्र, ज्याला तिथे सगळे ‘कोअर’ म्हणतात, सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे आणि भोवतीचे ‘बफर’ अकराशेच्या आसपास. साग आणि बांबू यांचे हे कोरडे पानगळीचे वन. मधूनमधून ऐन, मोह, तेंदू, अर्जुन आणि पांढुरक्या सालीचा कांडोळ. तलावात मगरी आहेत. काठावर तारू देवाचे ठाणे आहे. तारू हा गोंडांचा गावप्रमुख, वाघाशी झुंजताना तो मारला गेला आणि देव झाला, अशी तिथली श्रद्धा आहे. ताडोबा हे नाव त्याचेच. मोहर्लीकडून आत जाताना रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब लागतात. गोंड राजांच्या काळी या खांबांमधून दोर ओवून घंटा बांधत आणि राजाची स्वारी निघाल्याची वर्दी पुढे पोहोचवत, असे सांगतात. म्हणजे या जंगलात वर्दी पुढे पोहोचवण्याची रीत जुनीच आहे; माणसांचीही आणि, पुढे येईलच, जनावरांचीही.

आधी वाहनाविषयी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी जन्मलेली जीप स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतली आणि चारही चाके ओढणारी गाडी आपल्याकडे रुळली. पण जंगलाने आपली म्हणून निवडली ती मारुतीची जिप्सी. १९८५ च्या अखेरीस ती आली. आधी ९७० सीसीचे आणि पुढे १३०० सीसीचे पेट्रोल इंजिन. वजन एका टनाच्या आसपास. शिडीसारख्या पोलादी चौकटीवर बांधलेला सांगाडा, पुढे-मागे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जमिनीपासून वीतभर उंच पोट. एरवी मागची दोन चाके ओढतात. चिखलात किंवा नाल्याच्या चढावर ड्रायव्हर छोटा दांडा ओढतो आणि पुढची दोनही कामाला लागतात. दुसरा, आणखी हळू गिअर टाकला की वेग घटतो आणि चाकांवरचा जोर वाढतो. अशा गाडीला दगडावर उडी मारावी लागत नाही, ती त्यावर हळूहळू चढते. सफारीसाठी तिचे छप्पर काढून मागे पायऱ्या-पायऱ्यांची आसने बसवली जातात. गाडी हलकी असल्याने वाट कमी खचते, आणि पेट्रोलचे इंजिन डिझेलच्या मानाने शांत असते. २०१९ मध्ये कंपनीने सामान्य ग्राहकांना जिप्सी देणे थांबवले. आज जंगलात धावणाऱ्या कित्येक जिप्सी गावच्या मिस्त्र्यांच्या हातांवर जगताहेत, आणि त्या हातांचे कौतुक कुठेही लिहिले जात नाही म्हणून इथे लिहितो.

एका जिप्सीत सहा प्रवासी, एक ड्रायव्हर, एक गाईड. ऋतूप्रमाणे दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान फाटक उघडते. मोबाईल आत नेता येत नाही. ताडोब्याच्या कोअरमध्ये १ डिसेंबर २०१८ पासून ही बंदी आहे आणि ती फार चांगली आहे. पहिला दीड तास बहुधा रिकामा जातो. ऊन असते, जनावरे सावलीत बसलेली असतात, धूळ उडते. नवखे प्रवासी इथे कंटाळतात. गाईड मात्र याच वेळात काम करत असतो. तो वाटेच्या मऊ मातीकडे पाहतो. सकाळच्या गाड्यांच्या टायरच्या खुणा त्यावर आहेत. वाघाच्या पंजाचा ठसा टायरच्या नक्षीखाली दबला असेल तर वाघ पहाटे गेला. ठसा नक्षीच्या वर उमटला असेल तर सकाळची सफारी संपल्यावर, म्हणजे गेल्या काही तासांत. दुपारी जंगल बंद असताना जे झाले त्याची नोंद अशी जमिनीवर असते. पंजा कुठल्या दिशेला वळला, पुढे कुठला पाणवठा आहे, उन्हाळा आहे की हिवाळा, यावरून गाडी कुठे उभी करायची ते ठरते.

मग ऊन कलते आणि कान लागतात. चितळ किनऱ्या, तुटक आवाजात इशारा देते. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरल्यासारखे ओरडते. सांबराचा आवाज खोल, एकच, घुमणारा. गाईड या सगळ्याला ‘कॉल’ म्हणतात आणि प्रत्येक कॉलला वेगळी किंमत देतात. चितळ रानकुत्र्यालाही ओरडते, बिबट्यालाही, कधी नुसत्या संशयानेही. सांबर उगाच ओरडत नाही. त्याचा आवाज दोन-तीनदा एकाच जागेवरून आला की गाईड हात वर करतो, ड्रायव्हर चावी फिरवतो आणि इंजिन बंद पडते. यानंतरची शांतता ज्याने ऐकली त्याला सफारीचे पैसे वसूल झाले, असे मी बेधडक म्हणेन.

वानर आणि चितळ यांची ही जोडी जंगलभर दिसते. वानर वर पाला खाते, अर्धा खाली टाकते. खाली चितळे तो खातात. बदल्यात वासाचा आणि जमिनीवरच्या चाहुलीचा पहारा चितळाचा, नजरेचा पहारा वानराचा. या नजरेमागे एक थक्क करणारी गोष्ट आहे. वाघ आपल्याला केशरी दिसतो, कारण माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या आहेत. चितळ, सांबर यांसारख्या खुरांच्या जनावरांत त्या दोनच प्रकारच्या असतात. लाल-केशरी आणि हिरवा यांतला भेद त्यांना करता येत नाही. चितळाच्या लेखी वाघ गवताच्याच रंगाचा असतो. त्यावर काळे पट्टे म्हणजे गवताच्या सावल्या. ज्या रंगामुळे आपल्याला तो लांबून ओळखू येतो, त्याच रंगाआड तो आपल्या भक्ष्यापासून लपतो. वानराचे डोळे मात्र आपल्यासारखे तीन रंगांचे. झाडाच्या शेंड्यावरचा तो पहारेकरी खरोखरच केशरी वाघ पाहत असतो.

आता सूर्य पाहा. डोक्यावर असताना त्याचा प्रकाश वातावरणाच्या जेवढ्या जाडीतून येतो, त्याच्या अडतीसपट हवा क्षितिजावर असताना त्याला पार करावी लागते. वाटेत निळा प्रकाश इकडेतिकडे विखुरला जातो. उरतो तो तांबूस. त्यात सफारीच्या वाटेवरची धूळ मिसळते. सुकलेले गवत, सागाची पाने आणि वाघाची कातडी तिन्ही एका रंगात पेटतात. सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते त्या क्षणी खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेलाच असतो. वातावरण किरणांना वाकवते आणि सूर्याच्या स्वतःच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त उंचावर त्याची प्रतिमा उचलून धरते. आपण निरोप देतो तो प्रतिमेला.

पुढची अडीच मिनिटे थाळी बुडायला, आणि मग वीस-बावीस मिनिटांचा संधिप्रकाश. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून आपली सांज आखूड. जूनमध्ये लंडनला हाच संधिप्रकाश पाऊण तास पुरतो, कारण तिथे सूर्य तिरका सरकत जातो. ताडोब्यात मात्र उजेड पाहता पाहता सरतो, आणि तो सरताना रंगांचा क्रम बदलतो. कमी उजेडात आपले डोळे लाल रंग आधी गमावतात. हिरवा आणि निळा जास्त वेळ टिकतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किंये यांनी १८१९ मध्ये फुलांचे रंग पाहताना ही गोष्ट टिपली. जंगलात तिचा परिणाम विलक्षण आहे. दहा मिनिटांपूर्वी पेटलेला वाघ करडा होतो आणि मागच्या गवतात मिसळून जातो. म्हणजे काही क्षण आपणही त्याला चितळाच्या डोळ्यांनी पाहतो. कांडोळाची फिकट खोडे तेवढी उभी दिसतात. वाटेवर रातवा येऊन बसतो. वाघाच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा थर असतो. आत शिरलेला प्रकाश तो पुन्हा परत फेकतो आणि पेशींना दुसरी संधी मिळते. आपली नजर संपते तिथे त्याची सुरू होते. म्हणूनच नेमक्या या वेळी आपण फाटकाबाहेर असायचे असते. वेळेचा नियम केवळ शिस्तीसाठी नाही. त्या वेळेनंतर जंगलात आंधळे असतो ते आपण.

संध्याकाळी चितळांचे मोठे कळप जिथे दिसतात त्या मोकळ्या कुरणांचा इतिहासही प्रवाशाने जाणून घ्यावा. जामणी, नवेगाव, कोळसा, बोटेझरी ही गावे होती. कोअरमधून ती बाहेर वसवली गेली आणि जिथे भात पिकत होता तिथे गवत वाढले. भोवतालच्या गावांतले लोक आजही तेंदूपाने आणि मोहफुले वेचायला जंगलात जातात आणि चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात दरवर्षी माणसे मरतात. जिप्सीतला गाईड याच गावांतला असतो. अलीकडे मोहर्लीसारख्या ठिकाणी बायकाही हे काम करतात. वाघाचे भय आणि वाघाची कमाई एकाच घरात नांदते. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनी आपले जंगलाचे ज्ञान आदिवासींकडून आले हे कायम मोकळेपणाने सांगितले. गाईडशी बोलताना तेवढा मान आपणही राखावा.

या पर्यटनाच्या मर्यादा न्यायालयापर्यंत गेल्या आहेत. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या व्याघ्रप्रकल्पांच्या कोअरमध्ये पर्यटन थांबवले. नवी मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झाले, पण कोअरचा वीस टक्क्यांपेक्षा जास्त भाग पर्यटनाला वापरायचा नाही, या अटीवर. तरीही ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या जिप्सींच्या मधोमध कोंडले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. कारवाई ड्रायव्हर आणि गाईडवर झाली. पण ‘अजून थोडी पुढे घ्या’ हा आग्रह गाडीच्या मागच्या आसनांवरून येत असतो, हे आपण सगळे जाणतो.

आणि हर्सूलकरांसाठी एक गोष्ट मुद्दाम. हा प्रवास एकाच दिशेने होत नाही. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ मार्च २०२१ मध्ये कन्नड तालुक्यातल्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. शेते, रस्ते, नद्या ओलांडत तो सुमारे दोन हजार किलोमीटर चालला असावा, असा वन विभागाचा अंदाज होता. संभाजीनगर जिल्ह्याने अनेक दशकांनी वाघ पाहिला, तोही विदर्भातून पायी आलेला. नाले आणि डोंगरांच्या कडांनी, बहुतेक अंधारातच, त्याने ही वाट काढली असणार. ती वाट शाबूत ठेवणे हे सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत राहणाऱ्या आपल्या सर्वांच्या हातात आहे.

ताडोब्याचा कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो आणि एरवी मंगळवारी सुट्टी असते. नोंदणी आधीच करावी लागते. संध्याकाळची फेरी निवडा. मातकट रंगाचे कपडे घाला, धुळीसाठी उपरणे जवळ ठेवा. गाईडला वाघ मागू नका, कॉल ओळखायला शिकवा म्हणा. आणि ड्रायव्हरने परत फिरायला गाडी वळवली की, समोर काहीही दिसत असो, त्याला थांबवू नका.