घर आहे, पण सहाच महिने

मुलांनो, तुमचा पत्ता काय? असं विचारलं की तुम्ही घडाघडा सांगाल. घर नंबर, गल्ली, गाव, पिन कोडसुद्धा! पण काही मुलांना हा साधा प्रश्न वर्षातले सहा महिने फार अवघड जातो. त्यांची गोष्ट आज सांगते. आणि अशा माणसांना मदत करायची, तर मोठ्यांनाही पुन्हा शाळेत बसावं लागतं, तेही सांगते. त्या शाळेत मीही बसले बरं का!

मी जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर शिकवते. आमच्या जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो, पण डोंगरउतारावरून पाणी वाहून जातं. भात, नागली, वरई ही पावसाळी पिकं. दिवाळीच्या सुमाराला ती निघाली की हाताला काम नाही. मग वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी अशी कितीतरी कुटुंबं बोचकी बांधतात. कुणी मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते. तिला इकडे ‘बयाणा’ म्हणतात. कुणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर जातं, कुणी बांधकामावर, कुणी शहरातल्या मजूर नाक्यावर उभं राहतं.

पाड्यावर त्यांचं कुडाचं घर असतं. तिकडे मात्र रस्त्याकडेला प्लास्टिकचा कागद ताणायचा, नाहीतर पुलाखाली तीन दगडांची चूल मांडायची. म्हणजे घर असूनही बेघर! उघड्यावर, फुटपाथवर, पुलाखाली राहणाऱ्यांना जनगणनेत बेघर म्हणतात. 2011 साली आपल्या देशात असे सुमारे 17 लाख 70 हजार लोक मोजले गेले.

आता माझी चूक सांगते. दुसरीतली एक मुलगी दिवाळीनंतर दिसेनाशी झाली. हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत गेल्या. होळीला कुटुंब गावी आलं, तशी ती वर्गात आली. मी सगळ्यांसमोर विचारलं, “काय गं, इतके दिवस कुठं भटकत होतीस?” वर्ग हसला. ती खाली मान घालून बसली. दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. मला वाटलं, हिला शाळेची गोडीच नाही.

पुढे आम्हा शिक्षकांचं आणि अंगणवाडी सेविकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला शहरातल्या निवारा केंद्रात काम केलेल्या एक ताई आल्या होत्या. त्यांनी भाषण केलंच नाही. म्हणाल्या, “घर सोडून जायचंय. बरोबर फक्त पाच वस्तू न्यायच्या. लिहा.” आम्ही लिहिलं. “आता त्यातल्या दोन खोडा. ओझं होतंय.” माझ्या यादीत आईचा फोटो होता आणि पोरांची पुस्तकं होती. काय खोडू? पेन हातातच राहिलं.

मग नाटक झालं. एक सेविका बोचकं घेऊन शहरात उतरलेली आई झाली. मी झाले निवारा केंद्राची कर्मचारी. मी वही उघडली नि सुरू केलं, “नाव? पत्ता? आधार कार्ड कुठंय? नवरा कुठंय?” चौथ्या प्रश्नाला ती गप्पच झाली. खोटं खोटं नाटक, पण तिच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. ती लहानपणी आईबरोबर भट्टीवर राहिली होती.

ताई म्हणाल्या, “आता वही मिटा.” मी पुन्हा सुरुवात केली. “या ताई, बसा. पाणी घ्या. पोरं जेवली का?” या वेळी ती आपणहून बोलायला लागली.

अशा कामाचे नियम ऐकायला सोपे, पण पाळायला अवघड असतात. आधी पाणी, मग प्रश्न. माणसाला नावानं हाक मारायची. त्याच्या बोचक्याला न विचारता हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही. जमणार नाही ते वचन द्यायचं नाही. आणि ‘तुम्ही असं करा’ म्हणण्याआधी ‘तुम्हाला काय हवंय?’ हे विचारायचं.

कुणी म्हणेल, यात कसलं प्रशिक्षण? पण नुसतं छप्पर पुरत नाही, मुलांनो. सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली सांगितलं, की मोठ्या शहरांत दर लाख लोकवस्तीमागे एक निवारा हवा. 2013 च्या केंद्राच्या योजनेत तर प्रत्येक निवाऱ्याला एक व्यवस्थापक आणि आठ-आठ तासांच्या पाळीनं तीन काळजीवाहक ठरवले गेले. रात्री दोन वाजता लेकरू घेऊन कुणी दारात आलं, तर त्याच्याशी कसं बोलायचं, हे त्या पाळीवरच्या माणसाला यायला नको?

आणि ही रीत आपल्या मातीतलीच आहे. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत काम सुरू केलं, पुढे 1957 साली त्या कोसबाडला गेल्या. आजच्या पालघर जिल्ह्यातलीच ही गावं. मुलं बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. पुढे 1990 च्या दशकात विधायक संसद या संस्थेनं वीटभट्ट्यांवर ‘भोंगा शाळा’ काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरचं मजुराचं खोपट. शिकवायला आसपासचीच तरुण मुलं-मुली तयार केली. मुलांची बोली त्यांना कळायची, हे केवढं मोठं!

प्रशिक्षणानंतर मी त्या मुलीच्या घरी गेले. या वेळी हजेरीवही नेली नाही. अंगणात बसले आणि विचारलं, “भट्टीवर विटा कशा मोजतात गं? मला नाही येत.” तिनं आधी आईकडे बघितलं. मग खडे मांडून दाखवलं, पाच-पाचचा थर, मग शंभर, मग हजार. मजुरी हजार विटांवर मिळते ना! दुसरीतली पोर हजारापर्यंत बिनचूक मोजत होती, नि मी तिला मागं पडलेली समजत होते.

ती वर्गात परत आली. पुढच्या दिवाळीनंतर मात्र ती पुन्हा गेली. बयाणा घेतलेला होता, मी थांबवू शकले नाही. जाताना तिला शिक्षण हमी कार्ड दिलं. ते दाखवलं की दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. दाखला नाही म्हणून शाळेला नाही म्हणता येत नाही, असं शिक्षण हक्क कायदाही सांगतो. पण कार्ड वाचणारं माणूस तिकडं हसऱ्या चेहऱ्याचं हवं ना?

म्हणून हे तुम्हाला सांगतेय. तुमच्या वर्गात अर्ध्या वर्षात एखादं नवं मूल येईल. मळका फ्रॉक, वेगळी बोली. त्याला ‘कुठून आलास, कुठं राहतोस?’ असं सगळ्यांदेखत विचारू नका. बाकावर थोडं सरका आणि म्हणा, “ये, इथं बस. पाणी हवंय?” बाकीच्या गोष्टी ते मूल आपणहून सांगेल.