काटा वर गेला म्हणजे पाणी तापलंच का?

जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर कात्रजचा घाट चढताना तापमानाचा काटा ‘एच’कडे सरकू लागला की गाडीत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मीटर बिघडलाय, चालू दे. दुसरा म्हणतो, इंजिन तापलंय, थांबव. दोघंही अंदाजानंच बोलत असतात, कारण पाण्याचं तापमान कुणीच मोजलेलं नसतं. काट्याची दुरुस्ती इथूनच सुरू व्हायला हवी.

गैरसमज: काटा चुकतोय, म्हणजे मीटर बदलायचा.

खुद्द मीटर बऱ्याचदा निर्दोष असतो. विजेवर चालणाऱ्या काट्याचा सेंडर, म्हणजे तापमान टिपणारा भाग, इंजिनातल्या पाण्यात बुडालेला असतो. पाणी तापलं की सेंडरचा विद्युत रोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि काटा वर जातो. त्यामुळे सेंडरची वायर कुठे घासून इंजिनाला टेकली, तर इंजिन थंडगार असतानाही काटा थेट ‘एच’वर जाऊन बसतो. वायर तुटली किंवा टोकाला गंज चढला, तर काटा खालीच राहतो. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे भरपूर वेढे दिले, तर अर्थिंग कमकुवत होऊन काटा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवू शकतो. हा दोष लवकर ध्यानात येत नाही.

स्मिथ्स कंपनीच्या पद्धतीचे मीटर असलेल्या अनेक गाड्यांत डॅशबोर्डमागे व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. तो बॅटरीचा दाब सरासरी 10 व्होल्टवर आणून पेट्रोल आणि तापमान या दोन्ही काट्यांना पुरवतो. दोन्ही काटे एकाच वेळी जास्त दाखवू लागले, तर आधी स्टॅबिलायझर आणि त्याचं अर्थिंग तपासावं. एकच काटा बिघडला असेल, तर त्याची वायर आणि सेंडर पाहावा.

गैरसमज: उकळत्या पाण्यात सेंडर धरला की 100 अंशांची खूण मिळते.

ही चाचणी उत्तम आहे, पण आकडा पुण्याचा घ्यावा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे, म्हणून इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला ते आणखी दोन-तीन अंश आधीच उकळतं. इंजिन पूर्ण थंड असताना सेंडर काढा, त्याची वायर जोडलेली ठेवा, सेंडरचं अंग दुसऱ्या वायरनं गाडीच्या सांगाड्याला जोडा आणि इग्निशन चालू करा. सेंडरचं फक्त टोक पाण्यात बुडवा. जुने काटे सावकाश हलतात, तेव्हा मिनिटभर थांबा. पाणी निवत असताना 90 आणि 80 अंशांना काटा कुठे आहे, तेही थर्मामीटर लावून टिपून घ्या. डायलवर फक्त ‘सी’ आणि ‘एच’ असलेल्या गाडीसाठी हे टिपण फार मोलाचं ठरतं.

इन्फ्रारेड थर्मामीटरही चालतो. मात्र चकाकत्या अ‍ॅल्युमिनियमवर तो बरंच कमी तापमान दाखवतो. मोजायच्या जागी काळ्या रंगाचा ठिपका द्यावा.

गैरसमज: आपल्या हवेत थर्मोस्टॅट काढून टाकलेलाच बरा.

हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. बहुतेक जुन्या गाड्यांचा थर्मोस्टॅट 80 अंशांच्या आसपास उघडतो. तो काढला की इंजिन तापायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. काटा खाली आल्याचं समाधान मिळतं, पण रेडिएटर चोंदलेला असेल तर तो चोंदलेलाच राहतो आणि घाटात कधीतरी दगा देतो.

गैरसमज: काटा खाली आला, म्हणजे धोका टळला.

सगळ्यात घातक समजूत हीच आहे. पाणी गळून पातळी सेंडरच्या खाली गेली, की सेंडर उघडा पडतो आणि इंजिन करपत असताना काटा घसरू शकतो. चढावर वर गेलेला काटा गाडीचा वेग किंवा चढ न बदलता अचानक पडला, तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरच्या टोपीला मात्र हात लावू नका. 7 पौंड दाबाची टोपी धड असेल, तर आतलं पाणी पुण्यात 110 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. टोपी उघडताच दाब जातो आणि ते पाणी वाफेसकट अंगावर उसळतं.

गैरसमज: आटे जुळले की कुठलाही सेंडर चालतो.

पुण्यात नाना पेठेत आटे जुळणारे सेंडर सहज मिळतात, पण तापमानागणिक त्यांचा रोध तुमच्या मीटरला जुळायला हवा. नवा सेंडर बसवण्याआधी वरची उकळत्या पाण्याची चाचणी पुन्हा करा.

गैरसमज: तांब्याची नळी तुटली की मीटर भंगारात.

काही जुन्या मीटरना वायरऐवजी बारीक पोकळ नळी असते, आणि तिच्या टोकाच्या बल्बमध्ये ईथरसारखा चटकन उडणारा द्रव. नळी तुटली की तो निघून जातो आणि काटा कायमचा तळाला बसतो. अशा वेळी साध्या नव्या मीटरची भरलेली नळी आणि बल्ब जुन्या मीटरला डाग देऊन जोडता येतात. जोडताना बल्ब बर्फ-मिठात गाडून ठेवतात, म्हणजे ईथर द्रवरूपात राहतो. ईथर पेट घेतो, म्हणून हे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावं. मूळ डायल त्यामुळे गाडीतच राहते.